बंडूच्या डोंग्याचा नेम

वर्धा नदीवरच्या आमच्या घाटावर डोंगा चालवणारं घर एकच, भोयांचं. आजा, बाप आणि आता बंडू. गाव त्याला बंडूजी म्हणतं. मी बंडू म्हणतो, कारण आम्ही एकाच वर्षी जन्मलेले. मजूर, भाजीवाल्या बाया, शाळेच्या पोरी यांना सकाळी पलीकडे अमरावती जिल्ह्यात न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. पूल लांब, रस्त्याने बावीस किलोमीटरचा फेरा. पुढारी दर निवडणुकीला इथे पूल बांधतात, तोंडानेच. मी त्या डोंग्यातून एकोणीस वर्षं मास्तरकीला गेलो, म्हणून हे सांगतो.

बंडू एक नंबरचा हेकट. एकदा मी नदीत पानाची पिचकारी मारली, तर भर पाण्यात मला झापलं. लोक त्याचं ऐकायचे, कारण तीन पिढ्यांत त्या डोंग्यातून कोणी बुडालं नव्हतं.

नदीत बुडालेलं माणूस शोधायचं कामही याच घराचं. पण त्याला एक नेम होता. प्रेत डोंग्यात घ्यायचं नाही. दोराला बांधून मागून ओढत काठावर आणायचं. ज्या डोंग्यात प्रेत निजलं त्यात जिता माणूस पाय ठेवत नाही, असं दोन्ही काठांवरची गावं मानतात. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. पण खरं सांगायचं तर मीही बसलो नसतो.

चार वर्षांपूर्वी हिरालालची खुशी वाळूवाल्यांनी पात्रात करून ठेवलेल्या खड्ड्यात बुडाली. चौदा वर्षांची पोर. हिरालाल वांगी-टमाटे पिकवतो, त्या काळी रोज याच डोंग्यातून बाजाराला जायचा. पोरगी सापडली तेव्हा तोही डोंग्यात होता. त्याने हात जोडले.

"बंडूभाऊ, लेकरू हाये. ओढत नको नेऊ. आत घे."

"घेतलं तं उद्यापासून कोणी बसनार नाई, हिरालाल. पोरींची शाळा बंद पडन."

बंडूने दोर बांधला. काठ येईपर्यंत हिरालाल मागे वळून पाहत होता. त्यानंतर तो भाजी घेऊन बसने जाऊ लागला. मी बंडूला तोंडावर निर्दयी म्हणालो.

गेल्या भाद्रपदात वरच्या धरणातून पाणी सोडलं. बंडूचा एकुलता एक मुलगा गजेंद्र जाळं काढायला गेला होता, तो परत आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सापडला, पाण्यातल्या एका बाभळीला अडकलेला. डोंग्यात बंडू, मी आणि हिरालाल. वल्हं मारायला माणूस हवा होता, आणि हिरालाल न बोलावता येऊन बसला होता. काठावर सगळं गाव. गजेंद्रची आई सखूबाई तिथून ओरडत होती, "आत घ्या त्याले. आत घ्या."

हिरालालही म्हणाला, "घे आत. जाऊ दे तो नेम."

बंडूने ओंजळीने पोराचं तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. मग म्हणाला, "तुह्या पोरीले घेतलं नाई. याले कोन्या तोंडानं घेऊ?"

त्याने दोर बांधला. हिरालाल वल्हं मारत होता, अगदी हळू, आणि रडत होता. मला बंडूचा इतका राग आला की त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. तो राग आजही येतो. पण त्याने दुसरं काय करायला हवं होतं, ते मला सांगता येत नाही.

डोंगा अजून चालू आहे. सुतक फिटलं आणि दुसऱ्या दिवशी बंडूने शाळेच्या पोरींना पलीकडे नेलं. हिरालाल पुन्हा त्यात बसतो. सखूबाई मात्र तेरावं होताच पलीकडे भावाच्या घरी गेली, बसने, सगळा फेरा घालून, आणि तिथेच राहिली. भावाचं घर काठापासून हाकेवर आहे. बंडू रोज चार वेळा तिथे डोंगा लावतो. शाळेच्या पोरी सखूबाईला मामी म्हणतात, येता-जाता तिच्याकडे डोकावतात. परतीला बसल्या की त्यांना विचारतो, "मामी जेवते का नाई?" स्वतः खाली उतरत नाही.