कस्तुरीचे चार गुण

काशीच्या मराठी मंडळींनी शरदिनीबाईंचं नाव ‘खडूस’ ठेवलं होतं, आणि ठेवणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. मुलींच्या एका कॉलेजात बाईंनी एकतीस वर्षं हिंदी साहित्य शिकवलं. तेवढ्या वर्षांत गल्लीतल्या एकाही मराठी मुलीला त्यांनी उगाच अर्धा गुण दिला नाही. उगाच तर नाहीच, पण हक्काचा द्यायलाही त्यांचा हात अडखळायचा.

त्याला कारण घडलं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी दुर्गाघाटावरची एक मराठी मुलगी त्यांच्या पेपरात पहिली आली. मुलगी हुशारच होती. पण विभागप्रमुख स्टाफरूममध्ये चहा फुंकत म्हणाले, “शरदिनीजी, आपके मराठी गणेशजी तो बड़े दयालु निकले!” बाईंनी आपल्या मुलीला गुण वाटले, असा तो टोमणा. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि घरी येऊन न जेवता झोपल्या. त्या दिवसापासून त्यांनी दोन नियम केले. कॉलेजच्या फाटकाच्या आत मराठी बोलायचं नाही, आणि कॉपीवर, म्हणजे उत्तरपत्रिकेवर, मराठी आडनाव दिसलं की हात आखडता घ्यायचा. दुसरा नियम त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण पाळला मात्र कडक. याला त्या निःपक्षपातीपणा म्हणायच्या. भित्रेपणाला माणूस किती छान छान नावं देतो!

कस्तुरी त्यांच्याच गल्लीतली, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून आलं की चौथं घर. गल्लीत ती त्यांना ‘शरदिनीमावशी’ म्हणायची आणि कॉलेजात ‘मॅडम’. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, वर्गाची अंतर्गत परीक्षा झाली. बाईंनीच पेपर काढला, बाईंनीच तपासला. दहा गुणांचा एक प्रश्न होता: अभ्यासाला लावलेल्या कथेची मूल संवेदना, म्हणजे गाभ्यातली भावना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी विकसित होते, ते उदाहरणं देऊन दाखवा.

कथा एका म्हाताऱ्या नावाड्याची. मुलाचं लग्न होतं, घर लहान पडतं, म्हणून म्हातारा आपलं अंथरूण उचलून ओसरीवर नेतो. बाजारात मिळणाऱ्या कुंजीत, म्हणजे गाईडात, या कथेची मूल संवेदना एका शब्दात दिली होती: त्याग. चाळीस मुलींनी त्याग लिहिला, पाच-पाच मुद्दे मोजून. बाईंनी सात-सात, आठ-आठ गुण वाटले. रविवारची दुपार, कूलरची घरघर, आणि त्यागाचा नुसता पूर आलेला.

मग कस्तुरीची कॉपी हातात आली. तिनं लिहिलं होतं की ही कथा त्यागाची वाटते, पण आहे भीतीची. पहिल्यांदा म्हातारा आपणहून बाहेर जातो. पुढे पाणी प्यायला आत यायचं तरी सुनेला विचारतो. शेवटी मुलगा-सून शहरात निघून जातात, अख्खं घर रिकामं होतं, तरी तो ओसरीवरच झोपतो. त्याग असता तर आता तो आत आला असता.

बाई उठून बसल्या. इतक्या वर्षांत असं उत्तर त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलीनं आठ लिहिले आणि पान उलटलं. मग त्यांची नजर वरच्या नावावर गेली.

कुंजीतला एकही मुद्दा नाही आणि मराठी मुलीला आठ? उद्या कुणी कॉपी मागितली तर? बाईंनी रबर घेतला, आठ खोडले आणि लाल पेनानं चार केले. चाराला काहीतरी कारण हवं, म्हणून समासात शेरा मारला: ‘विषय से भटक गई हैं। मूल पाठ समझ में नहीं आया।’

तिसऱ्या दिवशी कस्तुरी कॉपी घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. “मॅडम, कहाँ भटकी हूँ, बता दीजिए. मैं सुधार लूँगी.”

“किताब ध्यान से पढ़ो,” बाई म्हणाल्या, आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

अंतर्गत परीक्षेचे गुण धरून एम.ए.च्या प्रवेशाची यादी लागली तेव्हा कस्तुरीची जागा दोन गुणांनी गेली. माघात तिचं लग्न झालं. बाईंनी आहेर दिला, मठ्ठा-जिलबीही खाऊन आल्या.

पुढच्या वर्षी तीच कथा शिकवताना बाईंच्या तोंडून कस्तुरीचं उत्तर जसंच्या तसं बाहेर पडलं. मुलींनी भराभरा उतरवून घेतलं, आणि परीक्षेत तेच लिहिणाऱ्यांना बाईंनी नऊ-नऊ गुण दिले. कुणाचं आहे हे सांगितलं नाही. दर वर्षी वाटायचं, यंदा सांगू. वर्षं सरत गेली. गेल्या मार्चमध्ये निवृत्तीच्या समारंभात प्राचार्य म्हणाले की त्या कथेला शरदिनीजींनी नवी दृष्टी दिली. टाळ्या झाल्या. बाईंनी हात जोडले, आणि स्वतःची अशी किळस त्यांना जन्मात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कस्तुरीकडे गेल्या. तिचं सासर दशाश्वमेधाजवळ. नवरा ढुंढिराज महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतो, आणि त्यांचं जेवण कस्तुरी रांधते. त्या दिवशी नाशिककडची बारा माणसं जेवायला होती. ती पोळ्या लाटत होती.

बाईंनी पाटावर बसून सगळं सांगितलं. आठ, रबर, चार, शेरा, नंतरची आठ वर्षं, टाळ्या. काही लपवलं नाही.

कस्तुरीनं तव्यावरची पोळी उलटली. “म्हणजे माझं बरोबर होतं?”

“बरोबर होतं.”

“आणि खोडताना कॉपी माझी आहे हे माहीत होतं तुम्हाला?”

“माहीत होतं म्हणूनच खोडलं गं. दुसऱ्या कुणाची असती तर आठच राहिले असते.”

पोळी भाजून झाली, कस्तुरीनं ती दुरडीत टाकली.

“जागा गेली त्याचं नाही एवढं, मावशी,” ती म्हणाली. “बाबांनी लग्नाचं काढलं ना, तेव्हा मी मना करणार होते. दुसऱ्या शहरात फॉर्म भरायचा ठरवलं होतं, तयारही होता भरून. मग वाटलं, ज्या मावशीनं मला लहानपणापासून पाहिलंय, तीच म्हणते की हिला वाचलेलं समझत नाही. मग मी बाबांशी कशाच्या जोरावर भांडू? फॉर्म फाडून टाकला.”

बाहेरून ढुंढिराजची हाक आली, पानं मांडलीत म्हणून. कस्तुरीनं दुरडी उचलली आणि बाईंना ओलांडून ती वाढायला गेली.