आपाची कुजबुज

दुशान्बेच्या आमच्या रशियन नाट्यगृहात नेकबख्तआपा प्रॉम्प्टर होती, विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारी. पामीरच्या डोंगरातली बाई, पण रशियन इतकी स्वच्छ की मॉस्कोहून आलेले नटही तिच्या कुजबुजीवर तरून जात. मीही तरलो. टाळ्या माझ्या, वाक्य तिचं! तिची ताजिक बोली मात्र डोंगरातलीच राहिली. "कशाला घासू तिला? रशियन आली की सगळी दारं उघडतात," म्हणायची.

मग सोव्हिएत देश फुटला, आणि ब्याण्णवच्या हिवाळ्यात आपसातली लढाई आमच्या रस्त्यांवर आली. पामिरी माणूस सापडला की गोळी. तालमीहून परतताना बंदूकवाल्यांनी आमची बस अडवली. एकेकाला उतरवून विचारत, "चिमणीला काय म्हणतात?" शब्द सगळ्यांचा एकच, पण सुरावरून मुलूख कळायचा. आमचा दिवेवाला शोदी पामिरीच. बोलला, आणि तिथंच त्याच्या कपाळात गोळी घातली. रक्त माझ्या बुटांवर उडालं. माझी ताजिक शहरातली, मी सुटलो.

आता आपा. सवयीनं ती रशियनमध्येच म्हणाली, "आम्ही नाटकातली माणसं आहोत."

बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर बसला. "रशियन मालक पळाले तुझे, बये! आपल्या भाषेत बोल. चिमणी!"

आपानं दात थुंकला. आणि जन्मभर केलं तेच केलं. कुजबुजली, "गुंजिश्क." नुसता श्वास. त्यात डोंगर कुठून ऐकू येणार?

"मोठ्यानं!"

"आवाजच नाही हो तिला, भाऊ!" मी ओरडलो. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली भूमिका.

दुसरा तडाखा गळ्यावर बसला. ती कोसळली, आणि जमिनीवरून पुन्हा तोच श्वास.

"मुकीच दिसते," दुसरा कंटाळून म्हणाला. "चढवा तिला बसमध्ये."

त्या तडाख्यानं तिचा आवाज खरोखरच गेला, उरली ती कुजबुज. माझी थाप खरी झाली.

आता नाट्यगृहात रशियन फारशी कुणाला कळत नाही. पण मॉस्कोला विटा उचलायला जाणारी पोरं रशियन शिकायला आपाकडेच येतात. परवा एकजण हसला, "आपा, तू शिकवतेस तसं कुजबुजून बोललो तर मुकादमाला ऐकू कसं जाणार?"

आपानं त्याचा कान धरून तोंडाजवळ ओढला.

"मुकादमाशी ओरड हवा तेवढा. पण रात्री मॉस्कोच्या रस्त्यात टोळकं अडवून विचारेल ना, कुठला रे तू? तेव्हा हळू बोल, बाळा. अगदी हळू."