आप्पांचं ऊन आणि माझी शुगर

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी लागली, तसं आप्पांनी, माझ्या वडिलांनी, खिडकीतून माझी बॅग आत ढकलून जागा धरली. म्हणाले, "जा बाई, सावलीतली नोकरी कर. आमचा जलम उन्हात गेला." आई म्हणाली, "तोंड झाकून हिंड, काळी पडशील." त्याला अकरा वर्षं झाली. गावात मागं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्हा दोघांसाठीही हे लिहितेय, कारण चूक माझ्याकडून झाली.

आईचं मी जरा जास्तच ऐकलं. पुण्यात स्कूटीवर स्कार्फ, हातमोजे, सनकोट. दिवसभर एसी आणि बंद काचा. फ्लॅटमधून ऊन दिसायचं ते समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर पडलेलं. लहानपणी आप्पांच्या संगं मेंढरांमागं दिवस दिवस फिरणारी मी, मला दोन जिने चढवेनात. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी पार तळाला आणि शुगर बॉर्डरवर. मेंढपाळाच्या पोरीला उन्हाची कमतरता, काय म्हणावं आता! आधी हसले, मग घरी येऊन रडले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, डी कमी असलेल्यांमध्ये शुगरचा धोका जास्त दिसतो, त्यात तुमच्या वडिलांनाही शुगर आहे. आठवड्याला एक पावडरचं पाकीट, रोज चालणं आणि थोडं ऊन, असं त्यांनी लिहून दिलं.

मी घरी फोन केला. अर्धवट समजलेलं पूर्ण शहाणपणानं सांगायची मला खोडच आहे. म्हणाले, "आप्पा, ऊन मिळालं न्हाय म्हणून मला शुगर यायला लागलीय."

आप्पा म्हणाले, "म्हंजी उन्हातल्या माणसाला येत न्हाय व्हय?"

माझी मीटिंग सुरू होत होती. "व्हय, तसंच समजा," म्हणून मी फोन ठेवला.

आप्पांनी त्या दिवसापासून शुगरच्या गोळ्या सोडल्या. आई रोज पाण्याचा तांब्या पुढं ठेवायची, आप्पा गोळी मुठीत घेऊन पाणी तेवढं प्यायचे. तीन महिन्यांनी बाभळीचा काटा पायाच्या अंगठ्यात मोडला आणि जखम काही भरेना. आईचा फोन आला, "अंगठा काळा पडलाय गं, ये." मी तशीच निघाले.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं, गोळ्या का बंद केल्या? आप्पा माझ्याकडं बघत सरळ म्हणाले, "लेक लई शिकलेली हाय आमची. ती म्हणली, उन्हातल्या माणसाला शुगर व्हत न्हाय. म्या तर जलमभर उन्हातच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, डीची कमतरता आणि शुगर बऱ्याचदा बरोबर दिसतात, पण म्हणून ऊन हे शुगरचं औषध होत नाही. शुगरमागं वय असतं, घराण्यातून आलेलं असतं, खाणंपिणं असतं. आहे ती गोळी चालूच ठेवायची.

पाय वाचला, अंगठा काढावा लागला. मी रडत होते तर आप्पाच मला समजावायला लागले, "येडी का काय तू? मेंढरं काय अंगठा बघून मागं येत्यात व्हय?" आई त्यांच्यावर खेकसली, पण डोळे तिचेही भरले होते.

आता मी रोज सकाळी गच्चीत बाह्या वर करून बसते आणि तिथूनच फोन लावते. सोसायटीतल्या बायका हसतात, हसू देत. आप्पा फोनजवळ गोळ्यांचं पाकीट धरून गोळी काढतात, टच् असा आवाज येतो. "आलं का ऐकू?" म्हणतात. मग गोळी गिळेपर्यंत मी थांबते.

पूर्वी घर म्हटलं की मला आमची वस्ती आठवायची, लोकरीचा वास यायचा. आता वाटतं, मी बोलले ते एवढ्या भाबडेपणानं खरं धरणारी माणसं जगात फक्त तिथंच आहेत. म्हणून त्यांच्याशी बोलताना आता एखादी गोष्ट माहीत नसेल तर मी म्हणते, "आप्पा, मला माहीत न्हाय. विचारून सांगते."