बगळ्याचे प्रश्न

मागदालेना नदीकाठच्या त्या गावात एदिल्मा जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत बसली. निवृत्त झाल्यावर ती आठवणी लिहू लागली, पण चार पानांवर गाडं अडायचं. मग भाचीने तिला मोबाइलवरच्या एका लेखन-गटात घातलं. तिथे 'बगळा' नावाचं कुणीतरी तिचं सगळं वाचायचं. "थांबू नका, बाई. पुढे लिहा." त्या एका वाक्यावर एदिल्माचा हात पुन्हा चालू लागला.

बहीण उबाल्दिनाला मात्र हे रुचेना. "नाव नाही, चेहरा नाही. लिखाण चोरून स्वतःच्या नावावर छापेल मेला!"

"माझं लिखाण चोरून त्याला काय मिळणार?" असं म्हणून एदिल्माने हसण्यावारी नेलं. पण तरुणपणी ती बसलेली लाँच नदीत बुडाली होती, त्याबद्दल तिने ओझरतं लिहिलं आणि बगळा त्यावरच अडून बसला. लाँचवर आणखी कोण होतं? शेवटी काय झालं? तेव्हा तिच्याही मनात पाल चुकचुकली. औषधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाकडे ती संशयाने पाहू लागली.

शेवटी तिने मुद्दाम खोटं लिहिलं : लाँचवर तिच्यासोबत असलेल्या आणि बुडून गेलेल्या एलिएसेरच्या अंगात पांढरा सदरा होता.

लगेच उत्तर आलं. "पांढरा नव्हे, पिवळा."

एदिल्माने मोबाइल खाली ठेवला. पिवळा सदरा त्याने त्याच दिवशी पहिल्यांदा घातला होता, आणि तो शिवला होता त्याच्या बहिणीने, समोरच्या घरातल्या नोहेमीने. अंत्यविधीच्या वेळी नोहेमीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तू बरी वाचलीस गं?" तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटलेलं.

एदिल्मा तडक गल्ली ओलांडून गेली. नोहेमी ओट्यावर युकाचे कंद सोलत होती.

"बगळा तूच ना?"

सुरी थांबली. "तोंडावर विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"मला अडकवायला विचारत होतीस?"

"आधी त्यासाठीच," नोहेमी मान वर न करता म्हणाली. "नंतर वाचायची सवय लागली. तू बरं लिहितेस."

एदिल्माला तिचा भरवसा वाटेना. तरी घरी येऊन तिने सगळं लिहून गटात टाकलं. लाँच बुडाल्यावर तेलाचा रिकामा डबा तिच्या आणि एलिएसेरच्या हाती लागला होता, पण तो एकाच माणसाला तोलून धरत होता. तो तिच्याकडे ढकलत एलिएसेर म्हणाला, "मला पोहता येतं." त्याला पोहता येत नव्हतं, हे तिला नंतर कळलं.

बगळ्याचं उत्तर बरेच दिवस आलं नाही. उबाल्दिना म्हणाली, "आता पोलिसांत जाईल बघ ती." एदिल्माही खिडकीआडून समोरचं दार न्याहाळत राहिली.

मग एके सकाळी मोबाइलवर बगळ्याची अक्षरं उमटली. "लहानपणीही तो असंच खोटं बोलायचा. पुढे लिही."

यावेळी 'बाई' नव्हतं. एदिल्माने ते दोनदा वाचलं, खिडकी सताड उघडली आणि नवं पान घेतलं.