ग्रेकाबाईचं पीप

बाराटिली गावात ग्रेकाबाईच्या ‘व्हर्नाचा’ द्राक्षांच्या वाइनला तोड नव्हती, आणि तिच्या जिभेलाही. कोठीची किल्ली चाळीस वर्षं तिच्याच कमरेला. मुलगा अंतिओको सरोवरावर मासे धरायचा, त्यालाही आत पाय टाकायची सोय नव्हती. सणासुदीला ताटात बोयी माशाच्या खारवलेल्या गाभोळीचे पातळ काप पडले, की लोक विचारायचे, "ग्रेकाची वाइन कुठाय?" एवढं एक वाक्य ऐकायला बाई जगत होती.

मग गुडघे गेले आणि किल्ली सुनेला द्यावी लागली. सून लोरेदाना गेल्याच वर्षी लग्न होऊन आलेली, उत्तरेकडच्या डोंगरातल्या वाइनवाल्याची लेक. कष्टाळू, हाताला चव. हाच तिचा गुन्हा! उद्या लोक "लोरेदानाची वाइन" म्हणतील, या विचाराने म्हातारीच्या घशाखाली घास उतरेना.

पहिल्याच दिवशी सून कोठीतून धावत आली. "अहो आई, मोठं पीप हातभर रिकामं आहे! वर साय पण धरलीय. आमच्याकडे असं ठेवलं तर वाइन नासते."

अगं, ती साय म्हणजेच तर सगळं! पीप उणं ठेवायचं, साय धरू द्यायची, मग वर्षानुवर्षं खालच्या वाइनला कडू बदामाचा वास चढतो. बाराटिलीतलं शेंबडं पोरही सांगेल. ग्रेकाबाई शेंगा सोलत म्हणाली, "मग भर की. काठोकाठ भर. मला काय विचारतेस?"

भिंतीपलीकडे नवी वाइन ओतल्याचा आवाज येत राहिला. एक घडा, दोन, सहा. ग्रेकाबाईच्या सासूने राखलेली साय बुडत होती. बाई शेंगा सोलत राहिली. धन्य त्या माउलीची!

पुढल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला पाहुणे जमले. गाभोळी आली, बदामाच्या वड्या आल्या, वाइन आली. पहिल्या घोटालाच शेजारच्या बास्तियानोने पेला खाली ठेवला. "ग्रेका, हे काय गं? यापेक्षा पाणी बरं!"

"सुनबाईला विचार. पीप भरून साय बुडवलीन. यांच्या डोंगरात एवढीच अक्कल पिकते."

पाहुणे खो खो हसले. अंतिओको चारचौघांत बायकोवर खेकसला. लोरेदानाने सासूकडे पाहिलं. म्हातारी वडी चघळत होती, मजेत. तेव्हा सुनेला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने बास्तियानोकडून चमचाभर साय मागून आणली, एका छोट्या पिपात सोडली आणि ते पीप उणं ठेवलं.

सहा वर्षांनी ग्रेकाबाई अंथरुणाला खिळली. भिंतीतून कडू बदामाचा वास यायचा. अंगणातून पाहुण्यांचा आवाज यायचा, "लोरेदानाची वाइन कुठाय?"

"मला घोटभर दे गं," म्हातारी एका दुपारी म्हणाली. "त्या छोट्यातली. गाभोळीचा एखादा काप दे सोबत."

लोरेदानाने काप आणला. पेलाही आणला, पण मोठ्या पिपातला. त्यात साय पुन्हा कधी धरलीच नव्हती, आणि ते संपतही नव्हतं, पिणार कोण?

"तुमच्याच पिपातली आहे, आई," सासूची मान हळुवार उचलत ती म्हणाली. "काठोकाठ भरलाय पेला."

त्यानंतर रोज दुपारी ती तसाच भरलेला पेला आणायची, आणि म्हातारीने तो संपवेपर्यंत उशाशी बसून राहायची.