दाराची उंची

आमच्या साडभाऊंइतका रिकामा आणि तरीही कामात बुडालेला माणूस अख्ख्या औसा तालुक्यात सापडायचा नाही. गणिताची मास्तरकी संपली की माणसं नातवंडं सांभाळतात. ह्यांनी भूकंपात गेलेलं आपलं गाव कॉम्प्युटरवर उभं करायला घेतलं. डोळ्यांवर चढवायचं ते व्हीआरचं यंत्र लेकीनं पुण्याहून पाठवलेलं, बापानं घरबसल्या जग बघावं म्हणून. बापाला जग नको होतं, जुनी गल्ली हवी होती. नकाशा नाही, फोटो नाहीत. "मान्सं हायेत की!" म्हणत ते वही घेऊन नव्या गावात दारोदार मापं विचारत सुटले. ह्याला डेटा मायनिंग म्हणतात, हे त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत माझा मठ्ठा संपेपर्यंत समजावलं, आणि मठ्ठा मी तीनदा घेतला होता.

आता मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. एकाच्या दारातून म्हणे हत्ती जायचा, दुसऱ्याच्या अंगणात दोन बैलगाड्या वळायच्या. साडभाऊंनी सगळ्यांचा मान राखून आकडे भरले, तर घरं मावली आणि गल्ली नाहीशी झाली. मारुती शेजारच्या गावच्या शिवारात गेला. "ह्या गावात शिरायचं कुठून?" मी विचारलं. ते रागावले नाहीत. कधीच रागवत नाहीत, हा त्यांचा सर्वांत त्रासदायक गुण.

मग त्यांनी समाजमंदिरात एकेकाला यंत्र घालून चालवलं. हत्तीच्या दाराचे मालक ऐटीत निघाले आणि दारापाशी येताच मुकाट्यानं कमरेत वाकले. यंत्रातलं दार चांगलं उंच होतं, तरी वाकले. "तोंड लई फेकतंय, मान न्हाई फेकत," साडभाऊ म्हणाले. कोण कुठे वाकला, कुठे वळला, हे त्यांनी यंत्रालाच टिपायला लावलं आणि त्यावरून गाव पुन्हा मांडलं. गल्ली सापडली, मारुतीही घरी आला.

मोकळी राहिली ती एकच जागा, त्यांच्या स्वतःच्या घराची. भूकंप झाला तेव्हा ते शिकवायला लातूरला होते. घरातलं दुसरं कोणी उरलं नाही. "दार कुन्या अंगाला व्हतं त्ये बी ध्यानात न्हाई बगा," असं ते एकदा मला म्हणाले होते, आणि मी नेमका तेव्हाही काहीतरी विनोद केला होता.

परवा त्यांनी यंत्र स्वतः चढवलं. भिंतीवर आपटू नयेत म्हणून मी मागे उभा होतो. मोकळ्या जागेपाशी ते थबकले, डावीकडे वळले, आणि त्यांची मान खाली गेली. तसेच वाकून दोन पावलं आत जाऊन उभे राहिले. मला माझ्या वर्षभराच्या थट्टेची लाज वाटली. ते वाकले होते तिथे मी खडूनं फरशीवर रेघ मारली.

"हेच का दार, साडभाऊ?"

"हाव," ते म्हणाले. "जरा हळू बोला. माय निजलीय."