गवत लिंडाचं, दगड अण्णांचे

"मीनल, महिनाअखेरपर्यंत सरकारला खणकाम दाखवलं नाही तर क्लेम गेला समज," अण्णांनी चहा पितापिता जाहीर केलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. जन्मभर कॅनडात दुसऱ्यांच्या खाणींसाठी दगड तपासले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कॉम्प्युटरसमोर बसून मेरिट गावाजवळच्या डोंगरात स्वतःच्या नावाने खनिजाचा हक्क, म्हणजे क्लेम, घेतला. नवरा ऑन-कॉल. मग काय, २०१८च्या जूनमधल्या एका शनिवारी बर्नाबीहून आम्ही दोघंच निघालो.

कोकीहाला हायवेने तीन-साडेतीन तास लागतात. वाटेत होप गावात गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरून घ्या, पुढचा चढ गाडीला दमवतो. खायला घरच्या दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. मुक्कामाला मेरिटचं मोटेल, एकशे दहा डॉलर, वॉशरूम स्वच्छ.

मेरिटनंतर कच्चा रस्ता लागला. "जमीन सरकारची, चराई रँचवाल्यांची आणि पोटातलं खनिज आपलं," अण्णा समजावत होते.

"म्हणजे एका खोलीत तीन भाडेकरू!" मी म्हटलं.

वाटेत एक फाटक सताड उघडं दिसलं. काय ही बेशिस्त, म्हणत मी उतरले आणि आत गेल्यावर नीट कडी घातली. वर स्वतःचं कौतुकही केलं.

दोन तास खणून अण्णांच्या हाती नुसते राखाडी दगड. तेवढ्यात चार जाड चाकांच्या क्वाड बाइकवरून एक साठीची बाई धुरळा उडवत आली. ही लिंडा, चराईचा करार हिच्या घराण्याचा.

"फाटक कोणी लावलं? माझ्या गाईंचं पाणी पलीकडे आहे! इथे फाटक दिसेल तसंच ठेवतात!"

माझा चेहरा पडला. ती थांबेचना. मागे आलेले खाणवाले खड्डे उघडे टाकून गेले, त्यात तिचं वासरू पाय मोडून मेलं होतं. "निघा इथून!"

कायदा आमच्या बाजूने होता आणि तो ऐकवायला माझी जीभ वळवळत होती. पण अण्णांनी टोपी काढली. "चूक आमची. आधी गाई पाण्यावर नेऊ, मग जातो."

ओरडायचं नाही, हात पसरून हळू चालायचं, लिंडाने शिकवलं. कुत्रा दिसला की रस्ता ओलांडणारी मी, तीसेक गाईंच्या मागे! शेवटची गाय पाण्याला लागली तेव्हा मी चक्क उड्या मारल्या. अण्णा मात्र परत जाऊन आपला खड्डा बुजवत होते, उपटलेलं गवतही जागच्या जागी बसवत होते. लिंडा बराच वेळ बघत राहिली.

"हिरवा दगड हवाय ना? लहानपणापासून माहितीये मला. कंपनीवाल्यांना कधी सांगितला नाही."

ओढ्याच्या वर, झुडपांमागे, अख्खा कडा हिरवट! तांबं! अण्णांनी त्यावर तळवा टेकवला आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "लिंडा, क्लेम माझ्या नावावर आहे तोवर इथे मशीन येणार नाही."

तिथून आणलेले दगडाचे नमुने लॅबमधून तपासून आले, रिपोर्ट वेळेत गेला, क्लेम वाचला. इतक्या ट्रिपा केल्या, पण इतक्या ताठ मानेने घरी कधी आले नव्हते. अण्णांनी पहिला फोन केला तो मुलाला नाही, लिंडाला.

"लिंडा, वुई गॉट इट!"

"वुई?" पलीकडून खणखणीत हसू. "बरं. बर्फ पडायच्या आत या. आणखी एक जागा दाखवायचीये."